दर्शनी भिंत, चार दरवाजे आणि १५ लाख ४० हजार रुपये

पुण्यातली नोकरी सोडून गोव्यातल्या वडिलोपार्जित घरी परतायचे, घराची नीट डागडुजी करून तीन खोल्या पाहुण्यांसाठी सजवायच्या आणि यजमान म्हणून स्वतः तिथेच राहायचे, असा बेत करणारा मी एकटा नाही, हे मला ठाऊक आहे. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून उत्तर गोव्यातल्या प्रत्येक बंद घराच्या पायरीशी कोणी ना कोणी 'घर करून देतो' म्हणत येऊन उभे राहते. त्यांपैकी एकाने मला १५ लाख ४० हजार रुपयांना बुडवले आणि आमच्या घराचे चार सागवानी दरवाजे नेले. सात महिने मी हे नातेवाइकांनाही सांगितले नव्हते. आज लिहितो आहे, कारण गेल्या महिन्यात शेजारच्या गावातल्या एका बाईंनी मला फोन करून विचारले, "तुमचे घर त्यांनीच केले ना? त्यांनी आम्हाला फोटो दाखवले." माझ्या घराचे फोटो नमुना म्हणून दाखवून हा गृहस्थ अजून लोकांकडून टोकन घेतो आहे.

प्रकरण न्यायालयापुढे असल्याने गावाचे आणि त्या माणसाचे नाव मी इथे लिहीत नाही. अशा लोकांची पद्धत सर्वांना माहीतच आहे: आधी लहान रक्कम, मग मोठे हप्ते, मध्ये थोडे खरे काम, मग नवा खर्च. मलाही ती माहीत होती. एकोणीस वर्षे मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात पुरवठादारांची कोटेशने आणि बिले तपासत आलो. त्यामुळे "तुम्हाला कळले कसे नाही?" हा प्रश्न मला कोणी विचारला की संताप येतो, आणि तो खरा म्हणजे माझा माझ्यावरच असतो.

तो आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा त्याने सौद्याची भाषा केलीच नाही. सोप्यावर बसून त्याने राजांगणातल्या तुळशी वृंदावनाकडे पाहिले, चिऱ्यांच्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "या घराला नवे काही लावायचे नाही, फक्त वर चढलेले उतरवायचे." वडील गेल्यानंतर अकरा वर्षे बंद असलेल्या घराबद्दल कोणी इतके जपून बोलेल, असे मला वाटले नव्हते. शिंपल्यांच्या तावदानांची एक खिडकी अजून शाबूत होती; तिच्यातून येणाऱ्या उजेडाबद्दल तो दहा मिनिटे बोलला. मंगळुरी कौले उतरवून धुऊन पुन्हा चढवायची, सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा करायचा, दर्शनी भिंतीवर पूर्वीसारखी कावीची नक्षी काढून घ्यायची, असा त्याचा आराखडा होता. डिझाइन, काम, पर्यटन खात्याची नोंदणी आणि पुढे पाच वर्षे बुकिंगची व्यवस्था, सगळे तोच पाहणार होता. मला सगळे एका हाती मिळते आहे याचाच दिलासा वाटला. ज्याच्या हाती सगळे दिले, त्याच्यावर नजर ठेवायला दुसरे कोणी उरत नाही, हे तेव्हा सुचले नाही. आर्किटेक्ट वेगळा ठेवा, ठेकेदार वेगळा ठेवा, नोंदणी स्वतः जाऊन करा.

रकमा अशा गेल्या. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी टोकन ५१,००० रुपये. ११ मार्चला ६,४९,००० रुपये. १८ मे रोजी ४,८०,००० रुपये. ६ ऑगस्टला लाकूडकाम आणि फर्निचरसाठी २,७५,००० रुपये. १२ सप्टेंबरला 'परवाने आणि नोंदणी' म्हणून ८५,००० रुपये.

यांतल्या १८ मेच्या हप्त्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण त्या दिवशी मला कळले होते. कळले नव्हते असे मी म्हणू शकत नाही.

कावी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा गिलावा करायचा, त्यावर हुरमुंजाचा तांबडा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरणीने नक्षी खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. म्हणजे नक्षीतली पांढरी रेघ ही रंगवलेली नसते, ती खणलेली असते. गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर ही कला अजून दिसते. आमच्या सोप्यातल्या कोनाड्याच्या वर तिचा वीतभर तुकडा उरला होता: अर्धे कमळ आणि एक वेल. लहानपणी दुपारी सगळे झोपले की मी त्या वेलीच्या रेघेत नख घालून वरून खालपर्यंत ओढत असे. ती खाच माझ्या बोटाला पाठ होती.

मी तेव्हा अजून पुण्यात नोटीस पिरियडवर होतो आणि शनिवार-रविवारी गावी येत होतो. त्या शनिवारी दुपारी आलो तर दर्शनी भिंत तयार. मागच्या रविवारी मी पुण्याला निघालो तेव्हा तिच्यावर जुना सिमेंटचा गिलावा तसाच होता. चुन्याचा गिलावा दिवसेंदिवस ओला ठेवून, ठोकून, मुरवून घ्यावा लागतो, हे मी त्याच्याच तोंडून ऐकलेले. सहा दिवसांत ते होणे शक्य नव्हते. भिंत मात्र सुंदर दिसत होती, हे खोटे कशाला सांगू? तांबडी, पांढरी कमळे, दोन मोर. मी जवळ गेलो आणि सवयीने बोट वेलीवरून ओढले. बोट कुठेच अडकले नाही. गुळगुळीत. पुन्हा ओढले. नखाला किंचित तांबडे लागले.

शेजारचे म्हातारे गवंडी कौले पाहायला आले होते. वडिलांच्या वेळी घराचे सगळे काम त्यांनीच केलेले. त्यांनी भिंतीला हातही लावला नाही, पायरीवरूनच म्हणाले, "दादा, ही कावी न्हय. हो रंग." मी त्यांना काय उत्तर दिले असेल? "आता नवी पद्धत आहे, वरून सीलर मारतात." ते वाक्य त्या ठकाचे होते; त्याने ते मला सकाळी फोनवर सांगितले होते आणि मी ते माझे म्हणून, थोड्या चढ्या आवाजात, सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाला ऐकवले. ते काही न बोलता निघून गेले. त्याच रात्री साडेनऊ वाजता मी ४ लाख ८० हजार रुपये पाठवले.

का पाठवले, याची कारणे माझ्याकडे आहेत आणि ती मी पुष्कळदा स्वतःला सांगितली आहेत. निम्म्या छपराची कौले उतरवलेली होती, जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येणार होता, आणि "हप्ता आला की सोमवारी माणसे वर चढतात" असे तो म्हणाला होता. राजीनामा देऊन झाला होता. सात लाख आधीच गेले होते. घरी पत्नीला मी "काम उत्तम चालले आहे" असे सांगून बसलो होतो. यांतले प्रत्येक कारण खरे आहे. तरीही बोटाला जे कळले ते मी डोक्याला कळू दिले नाही, ही गोष्ट उरतेच. छप्पर उघडे पाडल्यावर मागितलेला हप्ता हा अडवणुकीचा हप्ता असतो. पावसाळ्याच्या तोंडावर कोणालाही कौले उतरवू देऊ नका.

छप्पर झाले, तेही अर्धेमुर्धे. माजघरावर सबंध पावसाळा निळी ताडपत्री होती. ऑगस्टमध्ये 'पॉलिशसाठी' म्हणून चार दरवाजे टेम्पोतून गेले. चलनावर फक्त टेम्पोवाल्याची सही आहे, गाडीचा क्रमांकही नाही. जुने लाकूड घराबाहेर जाऊ देऊ नका. मेस्त, म्हणजे सुतार, अंगणात बसवून काम करून घ्या.

सप्टेंबरमध्ये त्याने व्हॉट्सॲपवर नोंदणीच्या प्रमाणपत्राचा फोटो पाठवला, आमच्या घराच्या नावासह. १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पाहुणे ठेवणाऱ्याला नोंदणी करावी लागते, एवढे मला माहीत होते. त्यावरचा नोंदणी क्रमांक दुसऱ्याच कोणाचा आहे, हे जानेवारीत समजले. प्रमाणपत्राचा फोटो म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

आणि बिले. मी खरेदी विभागातला माणूस, म्हणून हे लिहिताना हात जड होतो. बिलाच्या माथ्यावर 'प्रायव्हेट लिमिटेड' असे छापलेले होते आणि कार्यालय पणजीला. खाली जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता. गोव्याचा संकेतांक ३० आहे, २७ महाराष्ट्राचा. त्या पंधरा अक्षरी क्रमांकात तिसऱ्यापासून बाराव्या स्थानापर्यंत पॅन असतो, आणि त्याचे चौथे अक्षर कंपनी असेल तर सी असते, व्यक्ती असेल तर पी. इथे पी होता. कारखान्यात अशी चूक असलेले बिल मी दोन मिनिटांत परत पाठवले असते. स्वतःच्या घराचे बिल मी वाचलेच नाही, फक्त बेरीज पाहिली.

आणखी एक खूण होती. पाच वर्षांच्या व्यवस्थापनाचा करार त्याने शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर माझ्या एकट्याच्या सहीने केला. पोर्तुगीज काळापासूनच्या आमच्या दिवाणी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक असते आणि घराच्या कागदावर दोघांची सही मागितली जाते, हे गोव्यात मालमत्तेचे काम करणाऱ्या कोणालाही माहीत असते. माझ्या पत्नीनेच विचारले होते, "माझी सही नको का?" मी तिलाही गप्प केले.

२७ डिसेंबरच्या संध्याकाळी नाशिकचे एक कुटुंब दाराशी आले. नवराबायको, सात-आठ वर्षांची मुलगी आणि तिची आजी. त्यांच्याकडे माझ्या घराचे बुकिंग होते, तीन रात्रींचे, ३८,४०० रुपये आगाऊ भरलेले. संगणकावर बनवलेल्या चित्रांत आमचे घर पूर्ण झालेले होते, त्यात ते चारही दरवाजे चकाकत होते. प्रत्यक्षात मुख्य दाराच्या जागी प्लायवूडची फळी खिळे मारून बसवलेली. आजी सोप्याच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी पाणी मागितले. ते आणायला मी आत गेलो आणि स्वयंपाकघरात काही वेळ तसाच उभा राहिलो. नाताळच्या आठवड्यात कुठे खोली मिळते? नवव्या फोननंतर म्हापशात एक मिळाली. ३८,४०० रुपये मी माझ्या खिशातून परत केले; माझ्या उंबरठ्यावर आलेल्या माणसांना "मलाही फसवले आहे" म्हणून हात वर करणे मला जमले नाही. त्या रात्रीपासून त्याचा फोन बंद आहे.

आता पोलिसांविषयी. पहिल्या दिवशी मला सांगण्यात आले की काम अर्धवट राहिले आहे, तेव्हा हे दिवाणी प्रकरण आहे. बनावट प्रमाणपत्र दिवाणी कसे, दुसऱ्याच्या घराचे बुकिंग विकणे दिवाणी कसे, या प्रश्नांवर "साहेब आले की या" एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेला अडीच तास बाकावर बसवून एका अधिकाऱ्याने मला सर्वांसमक्ष विचारले, "शिकलेली माणसे तुम्ही, बघितल्याशिवाय इतके पैसे दिलेत कसे?" जणू गुन्हा मीच केला होता. तिसऱ्या खेपेला नवीच अडचण निघाली. माझे तीन हप्ते १ जुलै २०२४ पूर्वीचे, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ४२०. दोन त्यानंतरचे, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८. मग तक्रार कोणत्या कायद्याखाली घ्यायची? तारखेनुसार दोन्ही कलमे लावता येतात, हे माझ्या वकिलांनी फोनवर समजावले, तरी तो कागद तिथेच थांबला. चौथ्या खेपेला सांगितले की त्याचे बँक खाते परराज्यातले आहे, तिकडे जा. गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची तरतूद फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे मी छापील कागदासह दाखवले. "आम्हाला कायदा शिकवू नका" हे त्यावरचे उत्तर होते. माझ्या तक्रारीवर त्या दिवशीही कोणी पोच दिली नाही. कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे मी अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने तक्रार पाठवली. दोन महिने उत्तर नाही. अखेर कलम १७५ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे आणि तारखा चालू आहेत. पहिल्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. मी तोंडी सांगत बसलो आणि त्यात पाच आठवडे गेले. बुकिंगच्या पैशांसारखी ऑनलाइन फसवणूक असेल तर सायबर हेल्पलाइनच्या १९३० या क्रमांकावर त्याच तासात फोन करा. मला तो क्रमांक तीन महिन्यांनी आठवला.

ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. व्यावसायिक हेतूने घेतलेली सेवा २०१९ च्या कायद्यात बसत नाही, असा आक्षेप समोरचा घेईल, म्हणून अनेक वकील आधीच नको म्हणतात. पण स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्याला तो आक्षेप लागू होऊ नये, असे आमचे म्हणणे आहे, आणि ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते. तीन खोल्यांच्या घरात राहून मी स्वतः पाहुण्यांना जेवू घालणार होतो. याहून वेगळी उपजीविका ती कोणती? ती तक्रार आम्ही तयार करतो आहोत.

जुलैत मी त्या गवंड्यांच्या घरी गेलो आणि त्यांची माफी मागितली. त्यांनी विषय वाढू दिला नाही, पाऊस संपला की चुना भिजत घालू म्हणाले. दर्शनी भिंतीवरचा रंग पहिल्याच पावसात ओघळला आहे. कोनाड्यावरचा जुना तुकडा मात्र शाबूत आहे.

दरवाजांविषयी वाचकांना विनंती आहे. ते कुठल्या तरी जुन्या वस्तूंच्या दुकानात किंवा एखाद्या नव्या व्हिलात असणार. तीन साधे आहेत, ते ओळखता येणार नाहीत. चौथा मुख्य दाराचा, दोन फळ्यांचा, पितळी कड्यांचा, सहा फुटांहून थोडा उंच. त्याच्या डाव्या फळीला खालच्या कोपऱ्यात वाळवी लागली होती, तेव्हा आजोबांनी तेवढा भाग काढून फणसाचे ठिगळ बसवले होते. काळपट सागात पंजाएवढा पिवळसर चौकोनी तुकडा आहे, आणि आतल्या बाजूने त्याला तीन तांब्याचे खिळे आहेत.