लेझर चिपमध्येच घडवावा की तयार आणून बसवावा : इंटेल आणि लक्सटेरा

सिलिकॉन स्वस्त आहे, त्यात प्रकाशाच्या वाटा सहज कोरता येतात, पण ते स्वतः कार्यक्षमतेने प्रकाश देत नाही. त्यामुळे प्रकाशातून माहिती पाठवणाऱ्या स्वस्त ऑप्टिकल चिपच्या स्पर्धेत लेझरचे काय करायचे हाच कळीचा प्रश्न ठरला.

कॅल्टेक या अमेरिकी विद्यापीठातील संशोधनातून २००१ साली उभ्या राहिलेल्या लक्सटेरा या कंपनीने लेझर वेगळा तयार करून चिपवर बसवला. त्याचा प्रकाश पृष्ठभागावर कोरलेल्या सूक्ष्म जाळीतून सिलिकॉनमध्ये उतरतो आणि एकाच लेझरवर माहितीच्या अनेक वाहिन्या चालतात. सदोष लेझर आधीच बाजूला काढता येतो, हा मोठा फायदा. मात्र तो अचूक जुळवून बसवण्याचे काम उरतेच.

इंटेलने सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठासह २००६ मध्ये दाखवलेल्या पद्धतीत इंडियम फॉस्फाइड या प्रकाश देणाऱ्या अर्धवाहकाचा थर ऑक्सिजन प्लाझ्माच्या (विद्युतभारित वायूच्या) साहाय्याने सिलिकॉनला जोडला जातो आणि लेझर नेमका कुठे येणार हे सिलिकॉनमधील वाटच ठरवते, त्यामुळे जुळवणीचा खर्च वाचतो. माझ्या मते तंत्र म्हणून हीच पद्धत सरस आहे, जरी लेझर बिघडल्यास अख्खी चिप वाया जात असली तरी.

व्यवसायाचे गणित मात्र वेगळे निघाले : लक्सटेरा २०१९ मध्ये नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या सिस्कोने विकत घेतली, तर इंटेलने २०२३ मध्ये आपला प्लगेबल मॉड्यूलचा (नेटवर्क उपकरणात खोचायच्या ऑप्टिकल जोडण्यांचा) व्यवसाय जेबिल या उत्पादक कंपनीकडे सोपवला.