खासगी शाळेतून मनपाच्या शाळेत: गणितवेड्या मुलीच्या आईचा अनुभव

जूनपासून माझी मुलगी महापालिकेच्या शाळेत सहावीला, सेमी-इंग्रजीच्या वर्गात जाते. पाचवीपर्यंत ती खासगी इंग्रजी शाळेत होती. आता वर्ष संपत आलंय आणि विक्रोळीतले ओळखीचे पालक भेटले की विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. उत्तर आधीच देऊन टाकते: गणितात वयाच्या बरीच पुढे असलेल्या आमच्या मुलीला हा बदल मानवला. त्याची कारणं दोन. तिच्या हातात वेळ आला, आणि तिला न अडवणाऱ्या एक बाई भेटल्या.

आधीच्या शाळेत सोयी उत्तम होत्या. सुसज्ज प्रयोगशाळा, उघडं ग्रंथालय, फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं. फी दीड लाखाच्या पुढे. पण पहाटे बसला निघालेली मुलगी दुपारी उशिरा परतायची, मग गृहपाठ, मग थर्माकोलचे प्रोजेक्ट, जे अर्धे आम्हीच करायचो. वर्गात दिलेली गणितं ती पहिल्या दहा मिनिटांत सोडवून बसायची आणि पुढचं विचारलं की ‘पोर्शन तिथपर्यंत गेलेला नाही’ असं उत्तर मिळायचं. शाळेच्या पत्रकात ‘गिफ्टेड प्रोग्रॅम’ होता. प्रत्यक्षात तो म्हणजे पैसे भरून द्यायच्या ऑलिम्पियाड नावाच्या परीक्षा, आणि पदकं मात्र घरी ढीगभर.

इथे पालकांचा खूप घोळ होतो, म्हणून स्पष्ट लिहिते. शाळाशाळांतून फी घेऊन होणाऱ्या त्या परीक्षा वेगळ्या. देशाचा संघ निवडणारं खरं गणित ऑलिम्पियाड वेगळं. त्याची पहिली पायरी आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा, पुढे प्रादेशिक पातळीवरची आरएमओ, मग राष्ट्रीय पातळीवरची आयएनएमओ. आयओक्यूएममध्ये ३ तासांत ३० प्रश्न असतात आणि उत्तर पूर्णांकात लिहायचं असतं, त्यामुळे पर्यायांवर ठोकताळा चालत नाही. हे सगळं मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या छत्राखाली चालतं आणि जुन्या प्रश्नपत्रिका इंटरनेटवर फुकट मिळतात. आपलं मूल कुठवर आलंय हे मला पदकांपेक्षा त्या प्रश्नपत्रिकांवरून कळलं.

शाळा बदलताना नात्यातल्यांनी खूप ऐकवलं. सासूबाई मात्र ठाम होत्या, त्या स्वतः मनपाच्या शाळेत शिकून शिक्षिका झालेल्या. जुन्या शाळेने दाखला द्यायला टाळाटाळ केली. तुमच्यावर ही वेळ आली तर लक्षात ठेवा: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. नव्या शाळेने दाखल्याविना तिला वर्गात बसवलं.

आता शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. फी शून्य. वह्या, दप्तर, गणवेश, बूट, रेनकोट धरून महापालिकेच्या २७ वस्तू मिळतात. पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दुपार. घरी येऊन जेवली की संध्याकाळपर्यंत तिची तिला मोकळी. हुशार मुलाला आणखी एक क्लास लावण्याआधी त्याला अशी रिकामी दुपार देऊन बघा, असं मी अगदी मनापासून सांगेन. पहिले काही आठवडे ती नुसती लोळली. मग वही घेऊन बसायला लागली.

गणिताच्या बाईंबद्दल लिहायलाच हवं. त्यांनी एकदा तिला सांगितलं, ‘शंभर बंद दारं आहेत. पहिल्या मुलाने सगळी उघडली. दुसऱ्याने दर दुसरं दार बंद केलं. तिसऱ्याने दर तिसऱ्या दाराची स्थिती उलटी केली. असं शंभराव्या मुलापर्यंत. शेवटी किती दारं उघडी?’ पोरगी काही दिवस या एकाच गोष्टीमागे. आधी वीस दारांची आकृती काढली, १, ४, ९, १६ ही उघडी राहतात हे दिसलं, पण का, ते सुचेना. बाईंनी उत्तर सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, ‘बाराव्या दाराला कोणी कोणी हात लावला, त्यांची नावं लिही.’ मग तिला विभाजकांच्या जोड्या दिसल्या: १ आणि १२, २ आणि ६, ३ आणि ४. आणि सोळाच्या बाबतीत ४ चा जोडीदार ४ च, म्हणून हात लावणारे विषम. उत्तर दहा. ‘आता हजार दारं आणि हजार मुलं घे,’ बाई म्हणाल्या, आणि ती जागच्या जागी ‘एकतीस’ म्हणाली. त्या संध्याकाळी तिने मला, सासूबाईंना आणि खालच्या किराणावाल्या काकांना हे गणित समजावलं. इतक्या वर्षांच्या फीमध्ये मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता.

बाई मुख्याध्यापकांशी बोलल्या आणि आता गणिताच्या तासाला ती आठवीच्या वर्गात जाऊन बसते. कागदोपत्री ती सहावीतच आहे. मुलांना वयानुसार वर्गात बसवायचं असल्यामुळे इयत्ता ओलांडणं सोपं नाही, आणि मला ते नकोही होतं. तिचे खेळ, भांडणं, मैत्रिणी सहावीतच राहिल्या.

मैत्रीण हा माझ्यासाठी सर्वांत अनपेक्षित भाग. तिच्या वर्गात एक मुलगी आहे, वडील रिक्षा चालवतात. तर्कात ती माझ्या मुलीच्या पुढे आहे, हे मी आई असून लिहिते. तिला आजवर कोणी ‘गिफ्टेड’ म्हटलेलं नाही, तिची कुठली चाचणी झालेली नाही. बाईंनी दोघींची नावं डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला दिली. ही बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची, १९८१ पासूनची, सहावी आणि नववीसाठी. लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. लेखीतून मैत्रीण पुढे गेली, आमची राहिली. रडली, आणि दुसऱ्या दिवसापासून मैत्रिणीच्या प्रात्यक्षिकाची तयारी करून घ्यायला लागली. मोजपात्रं, भिंगं, बिया असं काय काय आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरलेलं असतं. सतत पहिली येणाऱ्या मुलीला स्वतःपेक्षा हुशार मैत्रीण मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि अशी मुलं मनपाच्या वर्गांत आहेत. त्यांच्यासाठी आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आहे: पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. ही परीक्षा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्याच मुलांना देता येते. मैत्रिणीच्या आईला मी हे आत्ताच सांगून ठेवलंय.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. वर्गात गर्दी खूप. निवडणुकीच्या कामाला शिक्षक गेले की इतिहास-भूगोलाचा तास म्हणजे धडा मोठ्याने वाचणं. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली एकाच व्यक्तीकडे, ती रजेवर तर कपाट बंद. स्वच्छतागृह सकाळी ठीक, दुपारी नाही, याबद्दल आम्ही पालकांनी लेखी दिलंय. तिचं बोलायचं इंग्रजी मागे पडलं, ते घरी भरून काढतो. आणि त्या बाईंची बदली झाली तर माझा अर्धा अभिप्राय बदलेल, हेही खरं.

शाळा जे देत नाही ते शहर देतं. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आहे, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन आहे. दोन्हींपैकी चुनाभट्टी तर कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरने आम्हाला अगदी सोयीचं.

ज्यांचं मूल हुशार आहे पण वाचन-लेखनात अडखळतं, त्यांनी मात्र माझ्यामागे येऊ नये. अशा मुलाला रोज बसणारा विशेष शिक्षक लागतो आणि तो काही खासगी शाळांत असतो, आमच्याकडे नाही. अध्ययन अक्षमतेची तपासणी शीवच्या पालिका रुग्णालयात होते, ती आधी करून घ्या आणि मग शाळा शोधा.

शाळा बघायला जाल तेव्हा इमारतीआधी गणिताच्या शिक्षकांना भेटा, आणि मुलाला सोबत न्या. त्याला एक प्रश्न विचारू द्या, अभ्यासक्रमाबाहेरचा. आम्ही असंच केलं होतं. बाईंनी तिच्या प्रश्नाला उत्तर न देता खडू तिच्या हातात दिला, आणि आम्ही त्याच दिवशी अर्ज भरला. सातवी इथेच करायची ठरलीय. आठवीसाठी दादर आणि पार्ल्याच्या अनुदानित मराठी शाळा बघायला मे महिन्यात जाणार आहोत, मैत्रीण आणि तिची आईही सोबत येतील.