अडचणीतला बोल्ट: क्रोफूट, युनिव्हर्सल जॉइंट, की रिंग पाना आणि सामानाचा काटा?

रविवारी सकाळी भाचा लोकमान्य नगरहून आला. पोह्यांची पुडी एका हातात, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर टॉर्क रेंचची, म्हणजे बोल्ट ठरलेल्या पिळाइतकाच (टॉर्क) आवळायच्या पान्याची, चार चित्रं. "मामा, यातला कुठला घेऊ?" म्हटलं, "आधी बोल्ट दाखव."

गाडी दीडशे सीसीची, एअर कूल्ड, एक सिलिंडर. हेड गॅस्केट गळत होतं म्हणून हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, त्यानंच उतरवलं होतं, आता परत बसवायचं होतं. त्यात तीन ठिकाणी तो अडला होता. हेडचे मागचे दोन नट फ्रेमच्या पाइपच्या अगदी खाली येतात, वर जेमतेम चार बोटं जागा. कॅम चेनच्या बाजूचे सहा एमएमचे दोन बोल्ट इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्यांच्या (पातळ फिन्सच्या) आड खोल आहेत. आणि सायलेन्सरचा आतला नट समोरून दिसतो, पण सरळ गाठता येत नाही, फ्रेमचा पुढचा पाइप मध्ये येतो. म्हणजे एकाला डोक्यावर जागा नाही, दुसरा खोल आहे, तिसरा तिरका आहे. दुकानदार या तिन्हींसाठी एकच किट पुढे करतो. प्रत्यक्षात तिन्हींची उत्तरं वेगळी.

आधी पाना, मग त्याची जोडणी

माझ्याकडे बरीच वर्षं एकच टॉर्क रेंच होता, अर्ध्या इंची चौकोनाचा (ज्यावर जोडणी बसते तो चौकोन), १० ते ११० न्यूटन-मीटरचा (एनएम). सहा एमएमच्या बोल्टला १० लावायचे म्हणून मी तो अगदी तळाच्या आकड्यावर ठेवला आणि ठरलेला टॉर्क आला की होणाऱ्या 'टक'ची वाट बघत ओढत राहिलो. टक काही झालं नाही. बोल्ट मात्र एकदम हलका झाला, आणि उलटा फिरवून काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक तार गुंडाळून बाहेर आली. आपण 'आटे गेले' म्हणतो, इथले, इंदूरचे मिस्त्री म्हणतात 'चूडी मर गई'. हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून घ्यावी लागली. चूक माझीच. क्लिकवाल्या पान्याच्या मापाचा खालचा पाचवा भाग भरवशाचा नसतो, आणि एवढ्या लांब दांड्यावर १० एनएम हाताला जाणवतही नाहीत.

म्हणून जोडण्यांची तुलना करायच्या आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. इंजिनावरचे बहुतेक बोल्ट लहान असतात. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा पहिला. तो नसेल तर जपानी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये साध्या बोल्टसाठी जे सर्वसाधारण आकडे असतात ते सहा एमएमला १०, आठला २२, दहाला ३४ एनएम असे आहेत. यासाठी ५ ते २५ एनएमचा छोटा पाना, पाव इंची किंवा तीन सूत, हाच पहिला घ्यावा. पैसे तिथे घालावेत. मोठा पाना नंतरही येतो.

सरळ एक्स्टेन्शन

खोल बोल्टला हेच, पाना आणि गोटी (बोल्टच्या डोक्यावर बसणारा सॉकेट) यांच्यामधला लांब दांडा. सियागंजात, इथल्या बाजारात, कोणी ना कोणी सांगतंच की लांब एक्स्टेन्शन टॉर्क 'खातं'. हे इम्पॅक्ट गनच्या बाबतीत खरं आहे, कारण तिचे झटके लांब दांड्यात जिरतात. हातानं सावकाश ओढताना दांडा थोडा पिळला जातो, हाताला रबरासारखं वाटतं, पण खालच्या टोकाला तेवढाच टॉर्क पोचतो. दुरुस्ती नाही, हिशेब नाही.

अट एकच आहे. पान्याचं डोकं डाव्या तळहातानं दाबून एक्स्टेन्शनच्या रेषेत धरायचं. डोकं तिरकं झालं की गोटी बोल्टच्या कडांवर चढते. भाच्याला हे सांगून पटेना, म्हणून एकदा डाव्या हाताशिवाय ओढायला लावलं. पाना टक वाजला आणि त्याच क्षणी गोटी निसटून त्याची बोटं पंख्यांवर आपटली. त्यानंतर पटलं.

युनिव्हर्सल जॉइंट

तिरक्या नटाला सगळ्यांना हाच, मधून वाकणारा सांधा, आठवतो, कारण तो प्रत्येक गोटी सेटमध्ये फुकट आलेला असतो. नट सोडवायला आणि हातानं पहिले आटे धरायला उत्तम. शेवटचा टॉर्क द्यायला मात्र मी वापरत नाही. जॉइंट वाकला की दोन्ही टोकांचा टॉर्क एक राहत नाही. १५ अंशांपर्यंत फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चांगल्या पान्याच्या स्वतःच्या चार टक्के चुकीएवढाच. ३० अंशांवर तो १३ ते १५ टक्क्यांवर जातो, आणि कमी भरेल की जास्त हे जॉइंटचे दोन्ही दुफाटे त्या क्षणी कुठे उभे आहेत त्यावर ठरतं. ज्या चुकीची दिशाच माहीत नाही ती दुरुस्त कशी करणार?

वॉबल एक्स्टेन्शन, म्हणजे टोकाशी जरासं डुलणारं एक्स्टेन्शन, थोडं बरं, कारण ते मुळातच फार वाकत नाही. भाच्याचा सायलेन्सरचा नट शेवटी वॉबलनंच आवळला. तिथे थोडं इकडेतिकडे चालतं. हेडवर मी ते चालवून घेणार नाही.

क्रोफूट

फिक्स पान्याचं तोंड कापून मागे चौकोनी भोक पाडावं, तसा हा तुकडा दिसतो. उंची एखादा सेंटिमीटर, म्हणून फ्रेमच्या पाइपखाली शिरतो. भाच्याच्या मागच्या दोन नटांना हाच पर्याय होता, आणि गोंधळही सगळ्यात जास्त यातच होतो.

क्रोफूट लावला की पाना लांब होतो. समजा पान्याच्या चौकोनापासून मुठीच्या मधल्या खुणेपर्यंत २५ सेंटिमीटर आहेत, आणि क्रोफूटच्या चौकोनापासून नटाच्या मध्यापर्यंत ३. क्रोफूट दांड्याच्या रेषेत पुढे धरला आणि पाना २२ वर ठेवला, तर नटाला २२ गुणिले २८ भागिले २५, म्हणजे साडेचोवीसच्या वर बसतात. १२ टक्के जास्त. २२ हवे असतील तर पाना उलट हिशेबानं १९.६ वर ठेवायचा. क्रोफूट मागे, मुठीकडे वळवला असेल तर पान्याची लांबी घटते, आणि २२ साठी पाना २५ वर ठेवावा लागतो.

हे सगळं टाळायचा मार्ग आहे. क्रोफूट दांड्याला काटकोनात लावा, मग आकडा बदलावा लागत नाही. काटकोन दहा अंशांनी चुकला तरी वरच्या मापांत फरक दोन टक्क्यांचाच पडतो. मी तर आता जागा बघताना पहिला प्रश्न हाच विचारतो की काटकोनात बसेल का? बसत असेल तर क्रोफूट. नसेल तर मास्किंग टेपच्या तुकड्यावर दुरुस्त केलेला आकडा लिहून तो पान्यावर चिकटवायचा. हात ग्रीसनं माखलेले असताना डोक्यातला हिशेब हमखास उलटा होतो. आणि हिशेब केला असेल तर मूठ त्या मधल्या खुणेवरच धरायची, हात पुढेमागे झाला की २५ सेंटिमीटर २५ राहत नाहीत.

घेताना उघड्या तोंडाचा घेऊ नका, जिथे चालेल तिथे रिंगवाला घ्या. उघडं तोंड जोर आला की किंचित फाकतं आणि नटाच्या कडा गोल करतं.

डिजिटल अडॅप्टर

रॅचेट आणि गोटी यांच्यामध्ये बसणारा, आकडा दाखवणारा आणि ठरलेल्या टॉर्कला बीप करणारा ठोकळा. भाच्याचं मन यावरच होतं. वस्तू वाईट नाही. पण हा आढावा अडचणीतल्या बोल्टचा आहे, आणि हा ठोकळा स्वतःच जागा खातो. फ्रेमखाली तो शिरतच नाही. शिवाय पुढे क्रोफूट लावला तर वरचा हिशेब यालाही लागू होतो, कारण तो स्वतःच्या आसापाशी मोजतो, नटापाशी नाही. डिजिटल आहे म्हणजे बरोबरच दाखवत असेल, असं समजून बसणारे मी पाहिलेत.

काट्याचा, म्हणजे पट्टीवर सुई फिरणारा जुना पाना मला आवडतो. त्यात बिघडण्यासारखं काही नाही. पण पट्टी समोरून बघावी लागते, आणि डोकं फ्रेमखाली घालून ती कोण वाचणार.

रिंग पाना आणि सामानाचा काटा

हा उपाय दुकानात मिळत नाही. टॉर्क म्हणजे जोर गुणिले अंतर, दुसरं काही नाही. रिंग पान्याच्या नटाकडच्या टोकाच्या मध्यापासून १५ सेंटिमीटरवर खूण करा, तिथे सुतळीचा फास घाला आणि प्रवासाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा अडकवून पान्याला काटकोनात सावकाश ओढा. १० एनएमसाठी काट्यावर ६.८ किलो दिसले पाहिजेत. २० सेंटिमीटरवर २२ एनएमसाठी ११.२ किलो. न्यूटन-मीटरला मीटरमधल्या अंतरानं भागा, मग ९.८१ नं भागा, झालं.

रिंग पाना इतका पातळ असतो की क्रोफूटही जात नाही तिथे तो जातो. दोन माणसं मात्र लागतात, एक ओढणारा, एक आकडा वाचणारा. आमच्या घरी वाचायचं काम बहिणीनं केलं आणि "सहा, साडेसहा, बस!" असं ओरडून अर्धी गल्ली जागी केली. झटका दिला तर आकडा खोटा येतो. आणि कॅमशाफ्टच्या होल्डरला मी हा उपाय लावणार नाही, तिथे चूक फार महाग पडते.

मधला अडथळाच काढायचा

कुठलीच जोडणी नीट बसत नसेल तेव्हा मॅन्युअल उघडून बघा, बऱ्याचदा त्यात सरळ लिहिलेलं असतं की इंजिन उतरवा. आपण ते टाळतो आणि दोन तास क्रोफूटशी झोंबत बसतो. भाच्याच्या गाडीला इंजिनाखाली लाकडी ठोकळा आणि जॅक लावून वरचा हँगर, म्हणजे इंजिन फ्रेमला धरणारा भाग, सोडला, इंजिन थोडं खाली आलं आणि चार बोटांची जागा सहा झाली. मागच्या नटांपैकी एकाला मग छोटी गोटी आणि साधा पानाच बसला. राहिला एक क्रोफूटचा, तोही काटकोनात.

घेण्याची यादी विचाराल तर ५ ते २५ चा क्लिकवाला पाना, दोन लांबींची एक्स्टेन्शन, त्याच मापाचा एक वॉबल, आणि गाडीला लागणाऱ्या मापाचा एकच रिंगवाला क्रोफूट. दहा क्रोफूटचा सेट घेऊ नका, आठ तसेच पडून राहतात. सामानाचा काटा घरात बहुधा असतोच. डिजिटल अडॅप्टर तेव्हा घ्या जेव्हा तुमच्याकडे उघड्यावरचे, भरपूर बोल्ट आवळायचे काम असेल.

आणि कुठलाही मार्ग घ्या, आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवा, मॅन्युअल तेल लावा म्हणत असेल तरच लावा. तेल लागलेला बोल्ट त्याच टॉर्कला बराच जास्त ताणला जातो, कारण लावलेल्या जोराचा मोठा भाग एरवी घासण्यातच जातो. या चुकीपुढे क्रोफूटचे १२ टक्के काहीच नाहीत. हेडचे नट तिरक्या जोड्यांनी, दोन-तीन फेऱ्यांत.

भाच्यानं नवा पाना आणला तेव्हा त्याची परीक्षा त्याच काट्यावर घेतली. चौकोन व्हाइसमध्ये उभा धरला, पाना आडवा फिरेल असा, १० वर ठेवला आणि २५ सेंटिमीटरच्या खुणेवर काटा अडकवून ओढला. ४.०८ किलोला वाजायला हवा होता, ४.१ ला वाजला. मग त्याला गंमत वाटली आणि त्यानं माझा जुना लावला. तो ४.७ पर्यंत गप्पच होता. "मामा, हेलिकॉइल कुणाची चूक म्हणालात?" त्यानं विचारलं.