पुण्यातल्या डेटा सायन्स मीटअपना शनिवार दिल्यानंतर: वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असाल तर पुढचं वाचायला नको. पुण्यातल्या डेटा सायन्सच्या मीटअपना, म्हणजे डेटातून निष्कर्ष काढायचं काम करणारी आणि शिकणारी माणसं जमतात त्या कार्यक्रमांना, जावं का? जावं. पण दोनशे खुर्च्यांच्या सभागृहापेक्षा पंधरा-वीस जणांच्या बैठकीला जावं, आणि त्यातही वक्ता स्वतःच्या कामातला डेटा उघडून दाखवणार असेल तर नक्की जावं. बाकीचं सगळं यूट्यूबवर आहे, आणि तिथे दीडपट वेगाने ऐकता येतं.

मी विम्याच्या बॅक ऑफिसात काम करते. क्लेमच्या फायली, एक्सेल, महिनाअखेरीचे रिपोर्ट. स्टॅटिस्टिक्समध्ये बी.एस्सी. झालंय, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा घरी बसून शिकले. दिवाळीनंतर या कार्यक्रमांना जायला लागले आणि आता पावसाळा तोंडावर आलाय. हे सांगायचं कारण, आठ-दहा वर्षं मशीन लर्निंगमध्येच (संगणकाला डेटावरून शिकवायच्या कामात) असलेल्या माणसाला यातलं बरंच काही पटणार नाही.

पुण्याला हे नवीन नाही. पायकॉन इंडिया ही पायथनवाल्यांची परिषद २००९ मध्ये बंगळुरूत सुरू झाली आणि २०११ ची परिषद पुण्यात भरली होती. डेटासाठी पायथन वगैरे वापरणाऱ्यांच्या पायडेटा या मंचाची सुरुवात २०१२ ची, कॅलिफोर्नियातली. आता तो नमफोकस या संस्थेखाली गावोगावच्या शाखांतून चालतो. खुल्या डेटावर काम करणारा डेटामीट गट २०११ चा, मूळ बंगळुरूचा, पण पुण्यातही त्याची मंडळी आहेत. त्यामुळे एखाद्या बैठकीत पंधरा वर्षं हेच करत आलेला माणूस शेजारी चहा पीत उभा असतो, आणि बाहेर फी भरून जे विचारावं लागेल ते तो सहज सांगून जातो.

आता रोजच्या व्यवहाराचं. कार्यक्रम बहुतेक शनिवारी सकाळी, एखाद्या आयटी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये किंवा ट्रेनिंग रूममध्ये. जागा फुकट मिळते म्हणून बाणेर, बालेवाडी, खराडी, हिंजवडी. चिंचवडहून खराडी म्हणजे दहाच्या कार्यक्रमाला साडेआठला निघायचं. गेटवर ओळखपत्र, लॅपटॉपचा सीरियल नंबर वहीत, छातीवर व्हिजिटरचा स्टिकर, मग वायफायच्या ओटीपीसाठी रांग. दहा म्हणजे पावणेअकरा. प्रवेश फुकट असतो, पण रिक्षाचं भाडं धरलं तर फुकट काही नाही. काही कार्यक्रम संध्याकाळी सात ते साडेनऊ ठेवतात. आयटी पार्कातून त्या वेळी एकटीने घरी परतणं किती कटकटीचं असतं ते संयोजकांच्या लक्षातच येत नाही. असे कार्यक्रम मी सरळ सोडते.

मोठ्या सभागृहातल्यांबद्दल थोडक्यात. गेल्या काही महिन्यांत विषय एकच: एलएलएम (चॅटजीपीटीसारखी भाषेची मॉडेलं), आरएजी (त्यांना आपली कागदपत्रं शोधून देऊन उत्तर काढणं), एजंट (त्यांच्याकडून आपोआप कामं करून घेणं). वक्ता बदलतो, पण डब्यांची आणि बाणांची तीच आकृती पडद्यावर येते. एका ठिकाणी ‘हँड्स-ऑन वर्कशॉप’ म्हणून बोलावलं आणि शेवटचा पाऊण तास कोर्सची जाहिरात, आज नाव नोंदवलंत तर सूट वगैरे. नाव घेत नाही, पण असे बरेच भेटतील. ओळखायची खूण सोपी आहे: वक्त्याच्या ओळखीत त्याने काय काम केलं यापेक्षा त्याचे फॉलोअर किती हे आधी लिहिलेलं असतं. समोसे मात्र अशाच ठिकाणी चांगले मिळतात, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

आता ज्यासाठी जावं ते. एका छोट्या बैठकीत एक मुलगी तिच्या सोसायटीच्या ॲपवरच्या तक्रारी घेऊन आली होती. मोठी सोसायटी, लोक मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, वाटेल तसं लिहितात. तक्रार पाण्याची, लिफ्टची की पार्किंगची, हे आपोआप ओळखायचं एवढंच काम. इंग्रजी तक्रारी मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेला प्रोग्राम, छान ओळखत होतं, मराठीत मात्र पार आंधळं. तिने सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीतल्या काउंटव्हेक्टरायझरने (वाक्यातले शब्द सुटे करून मोजणारं साधन) मराठी वाक्यांतून काढलेली शब्दांची यादी पडद्यावर टाकली. त्यात ‘पाणी’ नव्हतंच. ‘लिफ्ट’ नाही, ‘पार्किंग’ नाही. ‘कचरा’ होता, पण ‘कचर’ म्हणून. ‘रस्ता’ झाला होता ‘रस’, ‘गच्ची’ झाली होती ‘गच’.

मग तिने कारण उलगडलं. शब्द कुठे तोडायचा याचा त्यातला मूळ नियम अक्षरं आणि आकडे ओळखतो, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण यांना अक्षर मानत नाही. तिथे तो शब्द तोडतो. वर एकच अक्षर उरलेला तुकडा टाकून देतो, कारण इंग्रजीत एका अक्षराच्या शब्दाला फारसा अर्थ नसतो. ‘पाणी’त प, मग काना, मग ण, मग वेलांटी. दोन्ही अक्षरं एकटी पडली, दोन्ही गेली. मागून कुणीतरी म्हणालं, नागपूर टाकून बघा. टाकलं. ‘गप’ आलं. पाच मिनिटं हसण्यात गेली, मग प्रत्येकाने आपापलं गाव टाकून पाहिलं. सोलापूर, सातारा, कोल्हापूर साफ गायब. अहमदनगर जुन्या नावाने अख्खं शाबूत, कारण त्यात एकही मात्रा नाही. उपाय एका ओळीचा: नियम बदलून मोकळ्या जागेवर आणि विरामचिन्हांवर शब्द तोडायचे.

तेवढ्यावर थांबलं नाही. श्रोत्यांतल्या एकाने ‘दुसऱ्या’ हा शब्द दोनदा टाइप केला. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. त्यातला अर्धा र एकदा नुक्तावाल्या ऱ ने लिहिलेला, एकदा साध्या र ला न दिसणारा जोडक लावून. कीबोर्डप्रमाणे हे बदलतं आणि युनिकोडचं (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीचं) नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं एकसारखं करणं, दोघांना एक करत नाही, स्वतःच करावं लागतं. ‘तिसऱ्या मजल्यावर’ची तक्रार दोन गठ्ठ्यांत का विभागली जात होती ते तेव्हा कळलं. बोलता बोलता मराठीसाठी भाषेची मॉडेलं बनवणाऱ्या पुण्याच्याच एल३क्यूब गटाचा विषय निघाला. २०२२ मध्ये त्यांनी महाकॉर्पस हा जवळपास अडीच कोटी मराठी वाक्यांचा संग्रह आणि त्यासोबत महाबर्ट हे मॉडेल खुलं केलं. ते वापरून पाहायचं तिथेच ठरलं. हे सगळं मराठी डेटा घेऊन बसलेल्या माणसाला आधी कळतं. मला कुठल्या कोर्समध्ये भेटलं नव्हतं.

दुसरी गोष्ट अभ्यासगटाची. एका को-वर्किंग जागेत रविवारी भरतो, सांख्यिकीचं एक फुकट मिळणारं पाठ्यपुस्तक, दर वेळी एक प्रकरण, आणि ज्याची पाळी त्याने फळ्यावर उदाहरण सोडवायचं. सुरुवातीला खुर्च्या कमी पडायच्या, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलोत. ही गळती सगळीकडे होते, आणि माझ्या मते तिच्यामुळेच गट चांगला झाला.

तिथे एकाने आरोग्य विम्याचा नमुना डेटा आणला होता, कुठला क्लेम नाकारला जाईल हे सांगणारं मॉडेल. अचूकता जवळजवळ शंभर टक्के. तो खूश, बाकीचे गप्प. मी कॉलमची नावं वाचत होते. म्हटलं, “यातला शेऱ्याचा कॉलम कधी भरतात, माहितीये का?”

“क्लेम आल्यावर भरत असतील ना?”

“निर्णय झाल्यावर. आमच्याकडे तो भरायचं काम माझ्याकडेच आहे.”

म्हणजे मॉडेल उत्तरपत्रिका बघूनच पेपर सोडवत होतं. कॉलम काढला तशी अचूकता धाडकन खाली आली आणि मग खरी चर्चा सुरू झाली. कागदपत्रं अपुरी असणं कसं मोजायचं, हॉस्पिटल नेटवर्कमधलं असण्याने किती फरक पडतो, असं बरंच. त्याला मॉडेल माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं येतं. मला फाईल टेबलावरून टेबलावर कशी फिरते ते ठाऊक आहे. दोघं एका टेबलाशी बसले तर हे होतं, आणि ऑफिसात असे दोघं सहसा एकत्र बसत नाहीत. मॉडेलवाल्यांचा मजला वेगळा, त्यांचा चहासुद्धा वेगळा.

नोकरीसाठी जाणाऱ्यांनी फार आशा ठेवू नये. क्यूआर कोड स्कॅन करून लिंक्डइनवर माणसं जोडली जातात, ती तशीच पडून राहतात. माझ्या ओळखीतल्या एकीला काम मिळालं, पण तिने दोनदा छोटी प्रेझेंटेशनं दिली होती म्हणून. मागच्या रांगेत बसून ऐकलं म्हणून नव्हे.

भाषेबद्दल. व्यासपीठावर इंग्रजी, चहाला मराठी-हिंदी, असा सगळीकडचा शिरस्ता. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं होतात आणि तिथे खगोलशास्त्र मराठीतही सांगितलं जातं, मग रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं) सांगायला काय हरकत आहे? अभ्यासगटात आम्ही तसंच करतो. व्हेरियन्सला (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) व्हेरियन्सच म्हणतो, वाक्य मराठी. बाहेरचा कुणी आला की हिंदीवर येतो, त्यातही काही अडत नाही.

जाणार असाल तर एवढं करा. कार्यक्रमाच्या माहितीत डेटा कुठला आणि कोड मिळणार का, हे लिहिलंय का ते बघा. नसेल तर संयोजकांना विचारा. चांगले संयोजक उत्तर देतात. लॅपटॉप आणि चार्जर न्या, प्लग मिळेल या भरवशावर राहू नका. आणि नाव नोंदवून येणार नसाल तर आदल्या रात्रीपर्यंत रद्द करा. नोंदवलेले निम्मे येतच नाहीत, म्हणून संयोजक दुप्पट नावं घेतात. मग एखाद्या शनिवारी सगळेच उगवतात आणि लांबून आलेली माणसं गेटवरून परत जातात.