सांबरशिंगाची मूठ आणि ‘साहेबां’चा व्हिडिओ कॉल

कुडाळजवळ आमचं छोटं पक्षीपालन आहे, गावठी कोंबड्या आणि जपानी लाव्हे. लाव्हा तळहातावर मावतो, दीडशे-दोनशे ग्रॅमचा. आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, तो साफ करणं किचकट. पोट चिरताना पातं जरा खोल गेलं की पित्ताची पिशवी फुटते आणि मग कितीही धुतलं तरी मांस कडूच लागतं. म्हणून मी निमुळत्या पात्याचा लहान चाकू शोधत होते. मोबाइलवर ही जाहिरात आली:

‘खानदानी शिकारी चाकू. सावंतवाडीच्या लोहाराच्या हातचा. अस्सल सांबरशिंगाची मूठ. रानकोंबडा साफ करण्यासाठी खास. २,४०० रुपये, निम्मे आगाऊ.’

फोटोतला चाकू खरंच कामाचा दिसत होता. घडीचा, दोन पात्यांचा. एक पातं बोटभर लांब आणि टोकदार. दुसऱ्याच्या टोकाला बारीक आकडा. परदेशात पक्ष्यांची शिकार करणाऱ्यांकडे असे चाकू पूर्वीपासून असतात. पक्ष्याच्या मागच्या छिद्रातून आकडा आत घालून फिरवला की आतडं त्यात अडकून बाहेर येतं, पोट उभं चिरावं लागत नाही. लाव्ह्यासाठी याहून सोयीचं काय असणार? मी १,२०० रुपये पाठवले.

चाकू आला नाही. फोन आला. “मॅडम, तुमचं पार्सल मुंबईत स्कॅनिंगला पकडलंय. आत सांबराचं शिंग आहे, वन्यजीव कायदा लागतो. वर हत्यार आहे, म्हणजे आर्म्स अ‍ॅक्ट. पैसे तुमच्या खात्यातून गेलेत, आरोपी तुम्ही.” लगेच व्हिडिओ कॉल. खाकी गणवेश, मागे तिरंगा, टेबलावर फायलींचा गठ्ठा. कॉल कट केला तर स्थानिक पोलीस अटक करायला येतील, घरात कुणाला सांगितलं तर तेही सहआरोपी होतील, असं बजावलं. ‘पडताळणी अनामत’ म्हणून ९,००० रुपये घेतले. अर्ध्या तासाने आणखी २५,००० मागितले. तेवढ्यात जाऊबाई परसातून आत आल्या, माझा चेहरा बघितला आणि सरळ मोबाइल काढून घेतला. “गो बाय, असोच फोन माझ्या भावाक पण इल्लो. ठेव तो!”

नंतर सगळं एकेक करून ताडून बघितलं, तेव्हा या लोकांची चाल लक्षात आली. सांबरशिंग जाहिरातीत शोभेसाठी घातलेलं नव्हतं. पुढची धमकी त्यावरच उभी होती. गिऱ्हाइकाला भुरळ पडावी म्हणून शिंग, आणि भुरळ पडली की तेच त्याच्या गळ्याचा फास. धमकी खरी वाटते, कारण कायदे खरे आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांबराच्या शिंगांचा व्यापार बंद आहे, आणि रानकोंबड्याची शिकारही. पण घरकामाचा किंवा शेतीचा लहान चाकू हे परवान्याचं हत्यार नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत धारदार हत्यारांसाठी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची मर्यादा आहे, आणि त्यातूनही घरगुती व शेतीची अवजारं वगळलेली आहेत. माझा चाकू तीन इंचांचा! आणि व्हिडिओ कॉलवर अटक ही गोष्ट आपल्या कायद्यात कुठेच नाही. कुठलंही सरकारी खातं यूपीआयवर अनामत मागत नाही.

फोटोही बघा. चाकूशेजारी लांब, आडव्या पट्ट्यांचं तपकिरी पीस होतं, फेझंटच्या शेपटीचं. हा पक्षी आपल्या रानात नाही. आपल्या रानकोंबड्याच्या मानेवर पिवळसर, मेणासारखे चकचकीत ठिपके असतात, ते एकदा बघितलं की कुणी विसरत नाही. चाकूखालचा पाचोळाही ओकच्या झाडाचा, आपल्या रानातला नाही. फोटो इंटरनेटवर शोधला तर परदेशी चाकूविक्रेत्याच्या पानावर हाच सापडला, अगदी पात्यावरच्या ओरखड्यासकट. सावंतवाडीचं नाव आपल्या विश्वासासाठी चिकटवलेलं. इथल्या कारागिरांच्या नावावर असा धंदा चालतो, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आला.

जाऊबाईंनी फोन ठेवायला लावल्यावर लगेच १९३० वर कॉल केला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. व्यवहार क्रमांक, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय आयडी विचारतात, तेव्हा पैसे गेल्याचा मेसेज, जाहिरात, चॅट, काहीही डिलीट करू नका. उशीर केलात तर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात आणि मग गोठवायला काही उरत नाही. माझ्या ९,००० पैकी ५,००० गोठले आहेत, ते सुटायची वाट बघतेय. १,२०० आधीच काढून घेतले होते.

लाव्ह्यांसाठी आता आठवडी बाजारातल्या लोहाराकडून लाकडी मुठीची छोटी सुरी करून घेतली आहे. आकडा नाही तिला, पण पैसे देण्याआधी धार अंगठ्यावर लावून बघितली. शिंगाच्या मुठीचं काहीही कुणी विकायला आणलं, मग तो ओळखीचा असला तरी, घेऊ नका. आणि त्यानंतर असा फोन आलाच, तर घरातल्या माणसांसमोर स्पीकर चालू करा.