इनक्युबेशन सेंटरमधलं टेबल की एमआयडीसीतला गाळा?

यंत्रमागासाठी काही नवं बनवायचं म्हटलं की सोलापुरात जागेचे दोन पर्याय निघतात: एखाद्या संस्थेच्या इनक्युबेशन सेंटरमधलं (नव्या उद्योगांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्रातलं) टेबल, नाहीतर अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुणाच्या कारखान्यातला अर्धा गाळा. मी दोन्हीकडे बसलोय. भाडं आणि वायफाय तुम्ही बघालच.

कागदपत्रांत सेंटरला तोड नाही. 2021 ची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना घ्या. तिच्यात नमुना बनवायला 20 लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं, पण ते निवडलेल्या इनक्युबेटरमार्फतच, म्हणजे अशा सेंटरमार्फतच. शिवाय पेटंटचं विचारायला माणूस असतो, प्रोजेक्टसाठी इंजिनिअरिंगची पोरं मिळतात. नेटवर्किंग मीटही होते. तिथं सगळे स्टार्टअपवालेच, मागवाला एकही नाही.

माझं घोडं अडलं ते वेळेच्या गणितावर. टॉवेलच्या मागावर धागा तुटला की कळवणारा सेन्सर आम्ही बनवत होतो. टेबलावर झकास चालायचा. मागावर मात्र एका पाळीत त्याच्या डोळ्यावर कापसाची लव बसायची आणि सगळं गणित चुकायचं. यावर बोलण्यासारखा माणूस म्हणजे जॉबर, मागांची दुरुस्ती बघणारा मिस्त्री, आणि तो मोकळा होतो पाळी सुटल्यावर. तोवर आमच्या सेंटरला कुलूप. त्याला दुपारी आणायचं तर आदल्या दिवशी गेटपासचा अर्ज. दिवसभर माग सांभाळणारा माणूस आधारची झेरॉक्स घेऊन कशाला येईल?

आम्ही गाळ्यात आल्यावर तेच जॉबर, अण्णा, चहाला जाता-जाता डोकावले. सेन्सर हातात फिरवला, तेलुगूत काहीतरी पुटपुटले. "तोंड खाली करून लावा की. लव पाठीवर बसंल, डोळ्यावर नाही."

बार्सिलोनाने 2000 साली पोब्लेनोउ या जुन्या गिरणभागात '22@' हा इनोव्हेशन डिस्ट्रिक्ट, म्हणजे नव्या तंत्रज्ञानाच्या कंपन्यांसाठीचा भाग, आखला; सेंटरवाल्यांच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये तो असतो. पण तिथल्या गिरण्या कधीच बंद पडल्या होत्या. आपल्याकडे माग अजून खडखडतायत, शेजार आयताच आहे.

गाळ्यात त्रासही आहेच. फोनवर ओरडावं लागतं, एप्रिल-मेमध्ये पत्रा भाजून काढतो, आणि शेजारच्या कारखानदाराला आपलं काम दिसतं. पेटंटचा अर्ज त्याआधी केलेला बरा.

निव्वळ सॉफ्टवेअर असेल तर सेंटरच सोयीचं, बहुधा. मागाला हात लावावा लागणार असेल तर मी गाळाच घेईन आणि सेंटरचं सदस्यत्व जमल्यास कागदांपुरतं ठेवीन. फक्त मालकाला आधीच विचारून ठेवा, पाळी सुटल्यावर तासभर एक माग आपल्याला देणार का.