४७ अंशांना पंखा का थांबतो: कूलरसाठी डीएस१८बी२० सेन्सर

कूलरच्या पंख्याचा वेग बाहेरच्या तापमानाप्रमाणे आपोआप बदलावा म्हणून आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डसोबत बहुतेक जण आधी डीएचटी११ हा तापमानाचा सेन्सर घेतात. तो स्वस्त आहे आणि आर्द्रताही सांगतो. पण त्याची मर्यादा ० ते ५० अंश, चूक २ अंश इकडे किंवा तिकडे. नवतपाच्या कडक उन्हात नागपूरच्या पश्चिमेकडच्या खिडकीत, उन्हानं तापलेल्या पत्र्याला लागून बसवला तर तो ५० कधी ओलांडतो ते कळतही नाही, आणि त्यापुढच्या आकड्याला काही अर्थ नाही. इथे स्टीलच्या नळीतला वॉटरप्रूफ डीएस१८बी२०च घ्यावा. उणे ५५ ते १२५ अंश मोजतो, त्यात उणे १० ते ८५ पर्यंत चूक अर्ध्या अंशाची. कूलरच्या ताटीवरून उडणाऱ्या पाण्याची भीती नाही. डेटा आणि ५ व्होल्टच्या तारेमध्ये ४.७ किलोओमचा रेझिस्टर मात्र हवाच.

सेन्सर कितीही चांगला असला तरी सगळी मेहनत वाया जाते ती तापमानाचा आकडा वेगाच्या आकड्यात बदलणाऱ्या मॅप या फंक्शनपाशी. वेग ० (बंद) ते २५५ (पूर्ण) असा लिहितात. समजा ३२ अंशांना वेग ८० आणि ४६ अंशांना २५५ ठरवला. मॅप फक्त त्रैराशिक मांडतं, टोकाशी थांबत नाही. ४७ अंशांना उत्तर येतं २६७. पंखा ३ नंबरच्या पिनवर असेल तर तिथलं रजिस्टर (आकडा ठेवायची जागा) ८ बिटांचं, त्यात ० ते २५५ एवढंच मावतं, म्हणून २६७ मधून २५६ जातात आणि उरतात ११. ऐन दुपारी पंखा बंद! उलट पावसाळी पहाटे २५ अंश असताना उत्तर उणे ७, त्यात २५६ मिळून रजिस्टरमध्ये २४९, आणि पंखा जवळपास पूर्ण वेगात. एरर काहीच दिसत नाही, म्हणून लोक मोटर बदलत बसतात.

यावर उपाय कन्स्ट्रेन: मॅपच्या आधी तापमान ३२ ते ४६ मध्ये बांधून टाकायचं. खालची मर्यादा आधी, वरची नंतर. उलटी लिहिली तरी कंपायलर गप्प राहतो. आणखी एक, कन्स्ट्रेन हा मॅक्रो आहे, म्हणजे कंसात लिहिलेलं जिथे जिथे लागतं तिथे जसंच्या तसं पुन्हा घातलं जातं. त्याच्या कंसात थेट सेन्सर वाचायची ओळ टाकली तर ती तीनदा चालू शकते. तपासलेला आकडा एक आणि परत आलेला दुसराच. आधी व्हेरिएबलमध्ये घ्या.

पण कन्स्ट्रेन बिघाड झाकतो, आणि मला हा धोका सगळ्यात मोठा वाटतो. तार सुटली की डीएस१८बी२० वाचणारी डॅलस टेम्परेचर लायब्ररी उणे १२७ देते. ते बांधलं की ३२ होतं, आणि ४५ अंशांच्या दुपारी पंखा मंद फिरत राहतो. सेन्सरला वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप होईपर्यंत त्यात ८५ हा आकडा बसलेला असतो. मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडलं तरी तोच परत येतो, आणि बांधल्यावर तो साधा ४६ दिसतो. म्हणून उणे १२७ आणि ८५ आधी वेगळे काढा: ८५ आला तर पुन्हा वाचा, उणे १२७ आला तर पंखा सरळ २५५ वर ठेवा. डीएचटी वापरणाऱ्यांनी आधी इजनॅन ही तपासणी लावावी, कारण वाचन फसलं की येणारा नॅन (म्हणजे ‘आकडाच नाही’) कुठल्याही तुलनेत बसत नाही आणि कन्स्ट्रेनमधून जसाच्या तसा बाहेर पडतो.

८० हा आकडा डोळे झाकून घेऊ नका. शून्यापासून ५-५ नं वाढवत जा. पाती हात न लावता फिरू लागतील तो आकडा तुमचा.

हे सगळं १२ व्होल्टच्या डीसी पंख्यासाठी. पंख्याची वीज चालू-बंद करणारा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आयआरएलझेड४४एन घ्या. आयआरएफ५४० पाच व्होल्टला पुरता उघडत नाही आणि तापतो. मोटरला उलटा डायोड लावा. २३० व्होल्टच्या कूलर मोटरला ही जोडणी चालत नाही.

पावसाळ्यात आर्द्रता पाहून पंप बंद करायचा असेल, तर डीएस१८बी२० एकटा पुरत नाही. सोबत डीएचटी२२ लागेल, तोही ताटीपासून लांब, कोरड्या जागी.